निकाल आणि दप्तर : ग्रामनिवडणुकीनंतरच्या कर्तव्यांचा एक ऐतिहासिक विचार

मराठीतील 'निकाल' या शब्दाचे दोन अर्थ आपण नित्य व्यवहारात वापरतो. परीक्षेचा किंवा निवडणुकीचा निकाल लागतो, तेव्हा निर्णय जाहीर झाला असा अर्थ असतो. कचेरीत एखाद्या प्रकरणाचा निकाल लावतात, तेव्हा ते प्रकरण संपवून त्याचे कागद मार्गी लावले असा अर्थ असतो. निवडणुकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिल्या अर्थाकडे पुष्कळ लक्ष दिले आहे. मतांचे आकडे, पक्षांचे बलाबल, जातींची गणिते यांवर ग्रंथ झाले. दुसऱ्या अर्थाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष झाले आहे. मते मोजून झाल्यावर अधिकारी जे काही करतो, ते केवळ कारकुनी होय, अशी आपली समजूत असते. ही समजूत बरोबर नाही, आणि गावपातळीवर तर मुळीच बरोबर नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी भोर तालुक्यातील शिवऱ्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवू. पुणे-सातारा रस्त्यालगत शिवगंगेच्या खोऱ्यातील हे गाव. भोर हे सचिवांचे संस्थान. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील शंकराजी नारायण हे त्याचे मूळ पुरुष. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे ब्रिटिश मुलखात १९२० व १९३३ साली जे ग्रामपंचायतीचे कायदे झाले, त्यांचा अंमल संस्थानी गावांवर नव्हता. या गावांना प्रांताचा पंचायत-कायदा विलीनीकरणानंतर लागू झाला. आज ज्याच्या आधारे गावोगाव पंचायती निवडल्या जातात, तो कायदा १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम होय. २०१२ पासून त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले.

परंतु गावाने एकत्र बसून निर्णय करावा आणि त्या निर्णयाचा कागद व्हावा, ही गोष्ट या मावळ मुलखाला १९५८ साली नवी नव्हती. कारीचे जेधे, उत्रवळीचे खोपडे इत्यादी देशमुख घराण्यांच्या कागदपत्रांनी मराठ्यांच्या इतिहासाला मोलाची साधने पुरविली आहेत. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. वादी-प्रतिवादींचे करीने व साक्षी होत. आणि शेवटी निर्णयाचा महजर होई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या आपल्या प्रबंधात या व्यवस्थेचा सविस्तर अभ्यास केला आहे. गोतसभा ही निवडणूक नव्हे, हे उघड आहे. तिथे वतन ठरे, प्रतिनिधी ठरत नसे. तथापि निर्णय झाल्यावर तो टिकावा कसा, हा प्रश्न दोहोंना समान आहे, आणि तुलना तेवढ्यापुरतीच करावयाची आहे.

'महजर' हा शब्द मूळचा अरबी. आपला 'हजर' हा शब्दही त्याच धातूपासून आला. महजर म्हणजे प्रथम उपस्थिती, मग उपस्थितांची सभा, आणि अखेरीस त्या सभेचा कागद. अर्थाचा हा प्रवास मोठा बोलका आहे. सभा उठून जाते, माणसे मरतात, आणि कागद त्यांच्या जागी 'हजर' राहतो. म्हणून महजरावर हजर असलेल्यांची नावे लिहीत आणि ज्याने त्याने आपली निशाणी करावयाची असे. पाटलाचा नांगर, बलुतेदारांपैकी प्रत्येकाचे आपापल्या धंद्याचे हत्यार. निर्णयामागे कोण उभा होता हे पुढच्या पिढीला वाचता यावे, हाच त्या कागदाचा हेतू होता. जिंकणारा सरकारात हरकी भरी. हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेत, आणि शिवाय त्याला येजितखत लिहून द्यावे लागे. आपला दावा खोटा ठरला, पुन्हा कटकट करणार नाही, अशी ती लेखी कबुली असे.

आता याच्या शेजारी आजच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये ठेवून पाहावी. मतदान संपताच मतदान केंद्राध्यक्ष मिळालेल्या, वापरलेल्या व उरलेल्या मतपत्रिकांचा हिशेब लिहितो, पेटी व पाकिटे मोहोरबंद करतो आणि प्रतिनिधींना हवी असल्यास त्यांनाही आपली मोहोर उमटवू देतो. मोजणी झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो, विजयी उमेदवारास प्रमाणपत्र देतो आणि मोजलेली मते पुन्हा मोहोरबंद करून ठेवतो. उमेदवारांना आपल्या खर्चाचा हिशेब तीस दिवसांत द्यावयाचा असतो. तो सबळ कारणावाचून न दिल्यास त्यांना अपात्र ठरविण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगास आहे. १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्यात असा आयोग आवश्यक केला आणि महाराष्ट्राचा आयोग १९९४ साली स्थापन झाला.

यानंतर येते पंचायतीची पहिली सभा. घटनेप्रमाणे पंचायतीची पाच वर्षे निकालाच्या दिवसापासून मोजावयाची नसून पहिल्या सभेच्या नेमलेल्या तारखेपासून मोजावयाची आहेत. म्हणजे मतदारांनी कौल दिला तरी पंचायत जन्मास येते ती अधिकाऱ्याने काढलेल्या नोटिशीने. दीर्घकाळ या सभेत सदस्य सरपंच निवडीत. २०१७ साली थेट जनतेतून सरपंच निवडण्याची तरतूद झाली, २०२० साली ती रद्द झाली व २०२२ साली पुन्हा आली. पद्धत बदलली तरी नोटीस, सभा आणि इतिवृत्त ही त्रयी बदलली नाही. जुन्या सरपंचाने दप्तर व शिल्लक सुपूर्द केल्याखेरीज नव्याचा कारभार सुरू होत नाही, हेही गावकऱ्यांना पुरते ठाऊक असते.

या दोन चित्रांत दोन मूलगामी फरक दिसतात. पहिला फरक हरणाऱ्याविषयीचा. जुनी व्यवस्था त्याच्याकडून येजितखत लिहून घेई. नवी व्यवस्था त्याच्याकडून कसलीही कबुली मागत नाही. उलट निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करण्याची मुभा अधिनियमाच्या पंधराव्या कलमाने दिली आहे. न्यायाधीश आवश्यक तेथे मतांची छाननी व फेरगणना करू शकतो. अधिकाऱ्याने मोहोर लावून ठेवलेली पाकिटे प्रथमतः या हरलेल्या माणसासाठी असतात. जिंकलेल्याला प्रमाणपत्र पुरते. हरलेल्याचा सारा आधार त्या लाखेच्या मोहोरेवर असतो. जिथे दोघा उमेदवारांचा बांध एक, पाणंद एक आणि पारही एकच, अशा गावात हा आधार लहान म्हणता येत नाही. शंका न्यायालयात नेता आली नाही, तर ती बांधावर उतरते.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. महजर वाचला जावा म्हणून जपत. मतपत्रिका वाचली जाऊ नये म्हणून जपतात. मतपत्रिकेवर क्रमांक असे आणि तिच्या स्थळप्रतीवर मतदाराची सही किंवा अंगठा. दोन्ही पाकिटे एकत्र उघडली तर कोणाचे मत कोणास गेले हे कोणालाही जुळवता आले असते. म्हणून विधानसभा व लोकसभा यांच्या निवडणुकांसाठी केलेल्या १९६१ च्या नियमांनी अशी पाकिटे सक्षम न्यायालयाच्या हुकुमाखेरीज उघडू नयेत, ती एक वर्ष जपावीत व नंतर नष्ट करावीत, असे ठरविले. १९६४ साली रामसेवक यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अर्जात पुरेशी तथ्ये मांडलेली असल्याखेरीज मतपत्रिकांची तपासणी सरसकट मंजूर करता येत नाही. नुसत्या संशयावरून गाठोडे सोडावयाचे नाही. १९८० साली रघबीरसिंग गिल यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली : गुप्तता ही निवडणुकीच्या शुद्धतेसाठी आहे, गैरप्रकार झाकण्यासाठी नव्हे. आता गावच्या निवडणुकीतही मतदानयंत्र आले आहे. तरी मोहोर, मुदत आणि हुकूम हे तत्त्व तेच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास या दुसऱ्या फरकाची थोडी खंत वाटणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकातील महजरावरून कोणत्या तंट्यात कोण कोणाच्या बाजूला होते, हे आपण आज सांगू शकतो. शिवऱ्याच्या गेल्या पिढीतील एखाद्या मतदाराविषयी तसे कधीही सांगता येणार नाही. कागदावाचून इतिहास नाही असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना कागदांची ही सरकारी विल्हेवाट म्हणजे साधनांचा नाश वाटेल. परंतु गोतसभेत नांगराची निशाणी करणाऱ्या पाटलाला आपले मत लपविण्याचे कारण नव्हते. ते कारण होते गावच्या सालदाराला, आणि त्याला तर त्या सभेत मतच नव्हते. आज त्याला मत आहे, आणि ते निर्भयपणे देता यावे म्हणून उद्याच्या संशोधकाने आपला एक पुरावा सोडून द्यावयाचा आहे. हा सौदा महाग आहे असे म्हणवत नाही.

शिवाय सारेच नष्ट होते असेही नाही. निकालपत्रे, पहिल्या सभेच्या नोटिशी, पंचायतीची इतिवृत्ते, न्यायालयात गेलेले अर्ज आणि त्यांवरील निर्णय ही साधने तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. विद्यार्थ्यांनी मोडी रुमालांना जी आस्था दाखविली, ती या कागदांनाही दाखवावी. पहिल्या सभेस कोण आला नाही, सुपूर्दगीच्या यादीत काय कमी भरले, नोटीस कोणाच्या दारावर डकवावी लागली, अशा बारीक नोंदींतून गावाने निकाल कसा पचविला ते कळते. मते किती पडली यावरून गावाचा कल समजतो. हरलेल्या पक्षाने पुढच्या सभेच्या इतिवृत्तावर सही केली की नाही, यावरून गावात लोकशाही रुजली की नाही ते समजते. ती सही कोणी सक्तीने घेतलेली नसते. म्हणूनच येजितखताहून तिचे मोल अधिक आहे.