तबेल्यातला चार्जर

हेन्री फोर्डने अमेरिकेला पेट्रोलच्या मोटारीत बसवलं, पण स्वतःच्या घरात त्याचं फारसं चाललं नाही. त्याची बायको क्लारा विजेची मोटार चालवायची, आणि तीही दुसऱ्याच कंपनीची. तिची १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ आज डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. उंच, चहूबाजूंनी काचा असलेली ती गाडी म्हणजे चाकांवरचा दिवाणखानाच. स्टिअरिंगच्या चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. चालवणारी बाई मागच्या सीटवर बसे आणि पाहुणे पुढच्या सीटवर, रस्त्याकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून. गप्पांना याहून सोयीची मोटार नंतर कुणी काढली नाही. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, आणि एकदा चार्ज केली की १३० किलोमीटर जाईल असं कंपनी सांगत असे. धूर नाही, खडखड नाही. मुख्य म्हणजे हँडल मारायचं काम नाही. त्या काळी पेट्रोलच्या मोटारीचं हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं.

क्लाराला चार्जिंगची चिंता नव्हती. फोर्डच्या ‘फेअर लेन’ या निवासस्थानासाठी रूज नदीवर स्वतंत्र वीजघर बांधलेलं होतं आणि १९१४ मध्ये त्याची कोनशिला बसवायला खुद्द थॉमस एडिसन आला होता. पण ज्यांच्या अंगणातून नदी वाहत नव्हती आणि ज्यांचा मित्र एडिसन नव्हता, त्यांनी गाडी कुठे आणि कशी चार्ज करायची? विजेच्या मोटारीचं पहिलं पर्व का संपलं हे सांगताना तेलाच्या विहिरींचा उल्लेख होतो, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेल्या चार्ल्स केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरचाही होतो. घरामागच्या गॅरेजमध्ये मात्र फारसं कुणी डोकावत नाही. खरी अडचण बरीचशी तिथेच होती.

त्या पर्वाची सुरुवात जोरदार होती. १८९९ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने पॅरिसजवळ ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला, तो विजेच्याच मोटारीत. तोवर रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनाने शंभरी ओलांडली नव्हती. १९०० साली अमेरिकेत जेमतेम ४,१९२ मोटारी बनल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. न्यूयॉर्कमध्ये विजेच्या टॅक्स्या धावत होत्या. टॅक्सी डेपोत आली की यंत्राने तिची रिकामी बॅटरी ओढून काढायची आणि भरलेली आत सरकवायची. बॅटरी अदलाबदलीची ही कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते, पण ती सव्वाशे वर्षं जुनी आहे.

टॅक्सीवाल्याला डेपो होता. खाजगी मालकाला होता तबेला. सधन घरांमागे घोडे आणि बग्गी ठेवायची जी इमारत असे, तिथेच मोटार आली. तबेल्यापर्यंत वीज ओढली तरी पुढे पेच होता. बॅटरीला एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी लागतो, आणि घरोघर येऊ लागलेली वीज बहुतेक ठिकाणी प्रत्यावर्ती, म्हणजे एसी होती. त्यावर सुरुवातीला मुख्य इलाज होता, मोटर-जनरेटरचा जोड. एसीवर मोटर फिरवायची आणि तिने डीसीचा जनरेटर फिरवायचा. हे धूड महाग, आवाज करणारं आणि सतत देखभाल मागणारं होतं.

सुटका केली पीटर कूपर ह्युइट या अमेरिकन संशोधकाने. १९०२ मध्ये त्याने पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर बनवला आणि पुढे जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी तो घरगुती गॅरेजसाठी विकायला काढला. उभ्या पॅनेलवर व्होल्टमीटर, अँमीटर आणि दोन-चार मुठी दिसायच्या. पॅनेलच्या मागे असायचा निर्वात केलेला, हातपाय फुटल्यासारखा काचेचा फुगीर गोळा, आणि त्याच्या तळाशी थोडासा पारा. चार्जिंग सुरू करायचं म्हणजे तो गोळा किंचित कलता करायचा. पारा एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहिला आणि परत तुटला, की ठिणगी पडून आतली वाफ पेटायची. मग रात्रभर गॅरेजच्या खिडकीतून निळसर जांभळा, थरथरता उजेड बाहेर पडायचा. हा पहिला खराखुरा घरगुती चार्जर. अशी जुनी उपकरणं काही संग्राहकांकडे आजही चालू स्थितीत आहेत.

एवढं करून काम संपत नसे. शिशाच्या बॅटरीत दर काही दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे, हायड्रोमीटर बुडवून अॅसिडची घनता बघावी लागे, आणि बॅटरी भरत आली की प्रवाह हाताने कमी करावा लागे. विसरलं तर प्लेटा खराब व्हायच्या. ‘बायकांसाठी सोपी गाडी’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्या हा भाग छोट्या अक्षरात छापत. गाडी बाईने चालवायची आणि बॅटरीचं पाणी नोकराने बघायचं, हे त्या जाहिरातीत गृहीतच होतं. ज्यांना हा व्याप नको असे ते गाडी महिन्याच्या बोलीवर सार्वजनिक इलेक्ट्रिक गॅरेजमध्ये ठेवत. तिथे ती रात्री चार्ज होई, धुतली जाई आणि सकाळी पोऱ्या ती दारात आणून उभी करी.

वीज कंपन्यांना हे गिऱ्हाईक हवंच होतं. संध्याकाळी दिवे लागले की वीजघरावर ताण यायचा आणि मध्यरात्रीनंतर तीच यंत्रं जवळजवळ रिकामी फिरायची. रात्री चार्ज होणाऱ्या मोटारींनी तो खड्डा भरून निघाला असता. म्हणून १९१० मध्ये वीज कंपन्या आणि मोटार कारखानदारांनी मिळून प्रचारासाठी संघटनाही काढली. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीने तर मालट्रकसाठी बॅटरी भाड्याने देण्याची योजना १९२४ पर्यंत चालवली.

पण घरं कुठे होती? १९१० च्या सुमारास अमेरिकेत साधारण सात घरांमागे एका घरात वीज होती. १९२० मध्येही हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपासच होतं आणि शेतावरच्या घरांत तर १९३० साली जेमतेम दहा टक्के. उलट पेट्रोल डब्यात मावत होतं. किराणावाला, लोखंडी सामानवाला, औषधवाला, कुणीही ते विकायचा. त्यासाठी ना तार ओढावी लागे, ना पाऱ्याचा गोळा. फोर्डच्या मॉडेल टीची किंमत १९०८ मध्ये ८५० डॉलर होती, ती १९२५ मध्ये २६० वर आली. विजेची मोटार तिच्या कितीतरी पट महाग राहिली. १९१४ मध्ये फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त विजेची मोटार काढणार अशी बातमी वर्तमानपत्रांत झळकली, पण ती मोटार बाजारात कधी आलीच नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक मात्र चिवट निघाली. मागणीनुसार एखाद-दुसरी गाडी बनवत तिने १९३९ पर्यंत दिवस काढले. तोवर एकूण तेरा हजारांच्या आसपास गाड्या झाल्या होत्या.

दोन्ही घरची पाहुणी असलेली हायब्रीडही तेव्हाच जन्मली. तरुण फर्डिनांड पोर्शेने व्हिएन्नात लोनर कंपनीसाठी १९०० च्या सुमारास चाकांत मोटर बसवलेली आणि पेट्रोलच्या इंजिनावर वीज तयार करणारी गाडी उभी केली. १९१६ मध्ये शिकागोच्या वुड्स कंपनीने ‘ड्युअल पॉवर’ आणली. ताशी चोवीस किलोमीटरपर्यंत ती विजेवर चालायची, पुढे इंजिन हाताशी. दोन यंत्रणांचा खर्च आणि दोन्हींची कटकट एकाच माथी आल्याने दोन वर्षांत ती गुंडाळली गेली.

यानंतर विजेची वाहनं टिकली ती जिथे रात्रीचा मुक्काम ठरलेला होता तिथे. ब्रिटनमध्ये घरोघर दूध टाकणाऱ्या गाड्या विजेवर चालायच्या. पहाटे गल्लीत आवाज नको, दर चार दारांवर थांबायचं, आणि दुपारी डेअरीच्या डेपोत परत येऊन चार्जिंगला लागायचं. एकेकाळी अशा गाड्या हजारोंच्या संख्येने होत्या. जपानची कथा वेगळी. महायुद्धानंतर तिथे पेट्रोल मिळत नव्हतं, पण कारखाने जमीनदोस्त झाल्यामुळे जलविद्युत मात्र शिल्लक पडत होती. विमानं बनवणाऱ्या ताचिकावा कंपनीच्या इंजिनिअरांनी १९४७ मध्ये ‘तामा’ नावाची चिमुकली मोटार काढली. एका चार्जमध्ये ६५ किलोमीटर, वेग ताशी ३५. दोन्ही बाजूंना जमिनीलगत चाकं लावलेले बॅटरीचे खण होते, ते ओढून बदलायचे. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं, शिशाचे भाव चढले, पुढे पेट्रोल मिळू लागलं, आणि तामा थांबली. हीच कंपनी नंतर प्रिन्स झाली आणि १९६६ मध्ये निस्सानमध्ये विलीन झाली.

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९९० मध्ये धूरविरहित मोटारींची सक्ती केली तेव्हा घरगुती चार्जर पुन्हा चर्चेत आला. जनरल मोटर्सने १९९६ च्या डिसेंबरमध्ये ‘ईव्ही-वन’ आणली, तीही विकायला नाही, फक्त भाडेकरारावर. आधी इलेक्ट्रिशियन घरी येऊन वायरिंग बघायचा, मग गॅरेजच्या भिंतीला २२० व्होल्टचा चार्जर बसायचा आणि नंतर गाडी मिळायची. चार्जरच्या केबलला पिन नव्हती. होतं एक धोपाटण्यासारखं चपटं प्लॅस्टिक. ते गाडीच्या नाकावरच्या फटीत खुपसायचं, की धातूला धातू न भिडता चुंबकीय क्षेत्रातून वीज आत जायची. पावसात हात ओले असले तरी शॉक बसायची भीती नाही. कल्पना सुरेख, पण होंडा आणि फोर्डच्या गाड्या पिनवाल्या. एकाच्या चार्जरवर दुसऱ्याची गाडी लागेना. २००१ मध्ये हवा मंडळाने पिनवाल्यांच्या बाजूने कौल दिला आणि भिंतीवरची ती धोपाटणी निकामी ठरली. हजाराच्या वर बनलेल्या ईव्ही-वन कंपनीने पुढे परत मागवल्या आणि बहुतेक सगळ्या चुरडून टाकल्या. भाडेकरू पैसे मोजून गाडी विकत घ्यायला तयार होते, तरी कंपनी बधली नाही.

टोयोटाने वेगळी वाट धरली होती. १९९७ मध्ये जपानात आलेल्या प्रियसने मालकाच्या घराकडे काहीच मागितलं नाही. ना भिंत, ना मीटर, ना वायर. ब्रेक लावताना आणि इंजिनातून मिळणाऱ्या विजेवर तिची बॅटरी भरायची. तिच्या यशात या न मागण्याचा वाटा मोठा आहे. गंमत अशी, की २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही हौशी मंडळींनी प्रियस उघडून तिच्यात जास्तीच्या बॅटऱ्या कोंबल्या आणि मागे प्लग बसवला. ज्या प्लगपासून सुटका म्हणून गाडी खपत होती, तोच प्लग लोक स्वतःहून लावून घेत होते.

भारतात १९९३ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत केरळमधल्या एका कंपनीची ‘लव्हबर्ड’ दिसली. दोघांपुरती ही गाडी मोजकीच खपली. बेंगळुरूच्या मैनी उद्योगसमूहाची ‘रेवा’ २००१ मध्ये आली ती मात्र लक्षात राहिली. ४८ व्होल्टच्या शिशाच्या बॅटऱ्या, कागदावर ८० किलोमीटर, आणि चार्जर गाडीतच. गीझरला लागतो तसला १५ अँपिअरचा सॉकेट असला की झालं, आठ तासांत गाडी भरायची. पाऱ्याच्या गोळ्यापासून गीझरच्या सॉकेटपर्यंतचा हा प्रवास मोठा होता, पण सॉकेट पार्किंगपर्यंत पोचवणं इथेही ज्याचं त्यालाच करावं लागे. रेवाचं नाव झालं ते लंडनमध्ये, ‘जी-विझ’ म्हणून. २००३ पासून शहराच्या मध्यात शिरायला मोटारवाल्यांना कर भरावा लागत होता, तो तिला माफ होता. दिसायला खेळण्यासारखी म्हणून तिथल्या मोटार-समीक्षकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. घेणारे तरीही घेत राहिले. २०१० मध्ये महिंद्राने रेवा कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला.

पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, तेव्हा चार्जरचा प्रश्न बंगल्यातून सोसायटीत गेला. कंपनीचा माणूस येऊन पार्किंगची जागा, मीटररूमपासूनचं अंतर आणि अर्थिंग बघतो. पुढची बैठक असते सोसायटीच्या कमिटीशी. केबल कुठल्या भिंतीवरून न्यायची, मंजूर भार पुरेल का, एकाला परवानगी दिली तर उद्या वीस जण मागतील त्याचं काय? केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की वाहन चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्याला परवाना नको. २०१९ मध्ये नव्या इमारतींच्या आदर्श नियमावलीत पार्किंगच्या २० टक्के जागेत चार्जिंगची सोय धरायला सांगितलं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या आहे त्याच कनेक्शनवर गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. कागदावर वाट मोकळी झाली, तरी जुन्या इमारतींच्या सर्वसाधारण सभांत हा विषय अजून लांबतो.

दरम्यान वीज कंपन्यांचं घड्याळच उलटं फिरलं आहे. शंभर वर्षांपूर्वी त्यांना रात्रीची गिऱ्हाइकं हवी होती. आता सौर विजेमुळे वीज दुपारी उरते. महावितरणने २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सवलत दिली ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत. ती घ्यायची तर गाडी त्या वेळेला घरी हवी, आणि नोकरदाराची गाडी तेव्हा उभी असते हिंजवडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये.