सुईच्या नोंदवहीची कथा

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, ही समजूत पुरती खरी नव्हे. लंडनजवळ १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस ११ अंशांहून अधिक कललेली होती. १६३४ साली हेन्री गेलिब्रँड यांनी मोजले, तेव्हा जेमतेम ४ अंश उरले होते. परिसर तोच, बदलले होते ते पृथ्वीचे चुंबकत्व.

त्याचे मूळ सुमारे २९०० किलोमीटर खोल आहे. तेथे वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून चुंबकत्व उपजते. त्याच्याही पोटात घन गोळा आहे, हे १९३६ साली इंगे लेहमान या विदुषींनी भूकंपलहरींवरून ताडले. हा गोळा वरच्या थरांच्या गतीने तंतोतंत फिरत नाही, असा पुरावा १९९६ साली पुढे आला.

असे मंद बदल पिढ्यान्‌पिढ्यांच्या अखंड नोंदींवाचून कळत नाहीत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ही नोंद १८४१ पासून होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने सुया बहकणार! तेव्हा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेस लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड घातली गेली. १९०७ साली ट्राम धावू लागली. नोंदीचा धागा तुटला नाही.

नव्या सोयीसाठी जुनी साधना मोडावीच लागते, असे म्हणणारांस आम्ही अलिबागेकडे बोट दाखवू.