बाळाच्या खाटेजवळची परीक्षा आणि 'गुणवत्ते'चा इतिहास

'गुणवत्ता' हा शब्द आमच्याविरुद्ध सर्वांत जास्त वापरला गेला तो डॉक्टरकीच्या बाबतीत. मंडलच्या काळात आणि २००६ च्या आरक्षणविरोधी आंदोलनातही सूर एकच होता: राखीव जागेवरून आलेल्या डॉक्टरच्या हाती तुमचे मूल द्याल का? आम्ही हा प्रश्न टाळत नाही. उलट विचारतो, मुलांचा डॉक्टर कुशल आहे हे आजवर ठरवले कोणी आणि कशाच्या आधारावर?

सुरुवात आपल्याच परंपरेतून करू. विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहात उकिरड्यावर टाकलेले हे अर्भक अभय राजकुमाराने वाढवले. त्याचे 'कोमारभच्च' हे नाव अनेक अभ्यासक 'कौमारभृत्य' म्हणजे बालचिकित्सेशी जोडतात. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला सांगितले, कुदळ घे, नगराभोवती योजनभर फीर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. या परीक्षेत कुळाला गुण नव्हते. जे येते ते करून दाखवायचे होते.

आधुनिक रुग्णालयातली परीक्षा मात्र वेगळी घडली. निवासी डॉक्टरला एक मूल दिले जाते. तो आईकडून माहिती घेतो, मूल तपासतो आणि मग परीक्षकांसमोर केस मांडतो. याला 'लाँग केस' म्हणतात. एकाला शांत मूल आणि नीट सांगणारी आई मिळते. दुसऱ्याला रडून थकलेले मूल आणि रात्रभर जागलेली आई. त्याहून मोठी अडचण म्हणजे मूल तपासले जात असताना परीक्षक बहुतेक वेळा तिथे नसतात. त्यांना ऐकू येते ते फक्त वर्णन. म्हणजे गुण बरेचदा हाताच्या कौशल्याला मिळत नाहीत, सफाईदार इंग्रजीला आणि आत्मविश्वासाला मिळतात. हे दोन्ही कोणत्या घरातून वारशाने येतात, हे आपल्याला सांगायला नको.

ही पद्धत सदोष आहे असे आधी कोणी म्हटले? आम्ही नाही. अमेरिकेतल्या नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्सने १९६० च्या दशकात खाटेजवळची परीक्षा बंद केली, कारण एकाच उमेदवाराला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी फारसे जुळत नव्हते. मग १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथील रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी नवी रचना मांडली: ऑस्की. एका परीक्षेऐवजी अनेक छोटी ठाणी, प्रत्येक ठाण्यावर ठरलेला वेळ, वेगळा परीक्षक आणि आधी लिहिलेली यादी. नवजात बाळ श्वास घेत नसेल तर मास्क नीट बसवला का? छाती वर येते का ते पाहिले का? केले तर गुण, नाही तर नाही. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात करणे. आपली लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवरच थांबते.

भारतात नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्सने बालरोगाच्या डीएनबी परीक्षेत ऑस्की आणली. एमडीच्या परीक्षेत मात्र लाँग केस आणि तोंडी परीक्षेचे वजन आजही मोठे आहे. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत चेहरा, आडनाव आणि उच्चार समोर बसलेले असतात.

याचा परिणाम काय होतो? दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींवर २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या सुमारे ८४ टक्के विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतले मूल्यमापन अन्याय्य असल्याचे सांगितले. संस्थेने अहवाल नाकारला. पण मोजमापच नसलेल्या परीक्षेत संस्था तरी स्वतःची निष्पक्षता कशी सिद्ध करणार?

परीक्षेच्या आधी प्रशिक्षण येते. पाठीच्या कण्यातून पाणी काढणे, बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणे ही कामे वॉर्डात कोणाच्या वाट्याला येतात आणि कोणाला फक्त कागद भरायला बसवले जाते? हात चालवायची संधीच दिली नाही, तर कौशल्य येणार कुठून? आणि पुढे त्याच अभावाला 'गुणवत्तेचा अभाव' असे नाव दिले जाते.

कौशल्य जन्मजात नसते याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी, श्वास कोंडल्यावर आणि जंतुसंसर्ग झाल्यावर करायचे उपचार शिकवले आणि त्यांचे काम सतत तपासले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. 'लॅन्सेट'ने १९९९ मध्ये हे प्रसिद्ध केले. नीट शिकवले, समोर बसून पाहिले, चुकले तिथे सुधारले, एवढेच त्यामागचे सूत्र.

ऑस्की हा रामबाण उपाय आहे असे आम्ही म्हणत नाही. यादी बनवणारेही त्याच व्यवस्थेतले असतात, आणि मूल म्हणजे सुट्या ठाण्यांची बेरीज नव्हे. म्हणून मागणी नेमकी हवी. प्रत्येक निवासी डॉक्टरने किती प्रक्रिया स्वतः केल्या याची नोंद उघड असावी. वर्षभर वेगवेगळ्या शिक्षकांनी खाटेजवळ उभे राहून काम पाहावे आणि काय चुकले ते तिथेच सांगावे. तोंडी परीक्षेचे गुण लेखी निकषांवर द्यावेत. प्रात्यक्षिकातल्या निकालाची प्रवर्गनिहाय आकडेवारी प्रसिद्ध करावी.

मित्रांनो, ही सवलतीची मागणी नाही. कडक परीक्षेची मागणी आहे. जी परीक्षा हात न पाहता गुण देते, ती आपल्या मुलामुलींना नापास करते आणि ज्याला मास्क धरता येत नाही त्यालाही पास करते. त्याची किंमत मग सरकारी रुग्णालयातले बाळ मोजते, आणि ते बाळ बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असते. 'तुमचे मूल त्याच्या हाती द्याल का' असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर एकच: आधी सर्वांचे हात तपासा.

जय भीम!