माकडतापाची कुळकथा

‘‘डाक्टरानू, रानातल्या माणसाक काय्येक होवचा नाय.’’ दोडामार्ग तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली तेवढा काळ हे वाक्य मी गोठ्यागोठ्यांतून ऐकले. त्यात तथ्य नाही असे नाही. आमच्याच धंद्यातले बघा. जर्सी किंवा होल्स्टिनच्या रक्ताची गाय विकत आणली की गोचिडीतून येणाऱ्या थायलेरियाने ती आडवी होते. शेजारची गावठी गाय मात्र अंगभर गोचिड्या घेऊन रवंथ करत असते. थोडे तिच्या वाणाचे बळ, थोडे वासरू असताना काढलेल्या तापाचे. मलेरियाच्या मुलखात वाढलेल्या माणसांचेही असेच: लहानपणी वारंवार ताप काढून जे जगले, त्यांना मोठेपणी तो तितका लोळवत नाही.

पण शरीराची ओळख त्या त्या रोगापुरतीच असते, सरसकट काटकपणा असा काही नसतो. अंदमानच्या घनदाट जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ग्रेट अंदमानी लोकांपेक्षा काटक कोण असणार? 1858 मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली आणि 1877 मध्ये तिथे गोवर पोहोचला. या लोकांच्या अंगाला गोवर कधी ठाऊकच नव्हता. त्यांच्यातले निम्मे किंवा त्याहूनही जास्त त्या साथीत गेले, असा अंदाज तिथला अधिकारी पोर्टमन याने लिहून ठेवला आहे. 1901 च्या शिरगणतीत ते जेमतेम सव्वासहाशे उरले होते.

अंदमानात रोग बाहेरून रानात शिरला. माकडतापाचा प्रवास उलटा, रानातून माणसाकडे. त्याची नोंद झालेली सुरुवात मार्च 1957 मधली, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या राखीव जंगलात. वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडत होती आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणत होती. आधी विषमज्वराचा संशय घेतला गेला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातून (रॉकफेलर फाउंडेशन आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने ते 1952 मध्ये काढले होते) टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो वगैरे मंडळी तिकडे गेली, तेव्हा त्यांना धास्ती होती ती पीतज्वराची. माकडे मरतात आणि मागोमाग माणसे, हे दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराचे लक्षण. तो वाहणारा डास भारतात घरोघरी. पीतज्वर इथे आला असता तर काय झाले असते, याचा विचारही नको.

निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून येणारा. त्याचे जवळचे नातेवाईक सैबेरियाकडच्या जंगलांत सापडलेले होते. मग थंडीत येणाऱ्या पाखरांनी तो आणला की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत सालिम अलींच्या देखरेखीखाली हजारो पाखरांच्या पायांत कडी घालण्याचे काम सुरू झाले. पाखरांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. आपल्या देशातल्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अभ्यासाला एका तापाने हातभार लावला, हा यातला आडवळणाचा फायदा.

मला या सगळ्या मंडळींत मोठा वाटतो तो होर्हे बोशेल. हा कोलंबियाचा. तिथल्या वर्षावनात पीतज्वर लाकूडतोड्यांना का गाठतो, हे त्याने पाहिले होते. विषाणू वर झाडांच्या शेंड्यांत, माकडांत आणि डासांत फिरत असतो. झाड कोसळले की ते डासही खाली माणसाभोवती येतात. ही नजर घेऊन तो पुण्यामार्गे शिमोग्यात आला आणि 1969 मध्ये त्याने मांडले, की हा विषाणू जुनाच असावा. बदलले ते रान. भातासाठी जंगल ठिकठिकाणी तोडले गेले, मोकळ्या जागी घाणेरीची झुडपे माजली आणि गुरे आत चरायला लागली. मोठी गोचीड गुरांच्या रक्तावर पोसते. हा ताप गुरांना होत नाही, पण ती गोचिडींची पैदास मात्र भरघोस वाढवतात. पुढे या गोचिडीची पिल्ले उंदीर-चिचुंद्र्यांकडून विषाणू घेतात, माकडांना चावतात. माकड मेले की अंगावरच्या गोचिड्या तिथेच गळतात, आणि ती जागा घातक होते.

माणसाला चावते ती बहुतेक अर्धवट वाढलेली गोचीड, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. तिचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. आता काजूचा हंगाम आठवा. पातेऱ्यात ओणवे होऊन बोंडू वेचायचे, बी पिळून काढायची, सावलीला त्याच पातेऱ्यावर बसून भाकरी खायची. घरी परत येताना डोक्यावर जळणाचा भारा. भाजावळीसाठी परसात पातेऱ्याचा ढीग आधीच रचलेला. शिमोग्यात 2011-12 च्या साथीत आजाऱ्यांची निरोग्यांशी तुलना केली, तेव्हा रानात जाणे आणि गुरे हाताळणे यांच्या जोडीला अंगणातला हा सुक्या पानांचा ढीगही दोषी ठरला.

2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत पाळी गावात माकडताप आला, 2016 मध्ये आमच्या तालुक्यात केर गावात, पुढच्या हंगामात बांदा-सातार्ड्याकडे. शिमोगा ते दोडामार्ग, साठ वर्षे लागली. केरची माणसे जन्मापासून रानातली; पण त्यांच्या अंगाला हा विषाणू अंदमानातल्या गोवराइतकाच परका. एकाएकी भडकलेला ताप, कपाळ आणि कंबर फुटेल अशी ठणक, काहींना रक्तस्राव, काहींना उतरलेला ताप पुन्हा चढून मेंदूपर्यंत. शंभरातले तीन ते पाच दगावतात. लस होती, तीही दोन डोस आणि वर बूस्टर असे करून लंगडेच संरक्षण देणारी. कर्नाटकाने ती 2022 मध्ये थांबवली. उरले अंगाला लावायचे डेपा तेल, अंगभर कपडे आणि संध्याकाळची गरम पाण्याची आंघोळ.

यातून उठलेल्या माणसाला सहसा हा ताप पुन्हा येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरातला म्हातारा असाच बचावला. आता दर वर्षी बागेत पहिला तोच शिरतो, खराट्याने पातेरा ओढतो आणि सुनेला म्हणतो, ‘‘तू मागसून ये, माका झाला हा.’’ मी त्याला सांगितले की तू बचावलास ते तुझ्यापुरते, गोचिड्या आहेत तिथेच आहेत. सुनेला तेल लावूनच पाठव, आणि मेच्या अखेरीपर्यंत गाय बागेत बांधू नको. तेल त्याने आणले. गाईचे मात्र ऐकेना. शेण बागेतच पडते, ते आयते मिळते, म्हणाला.