पिष्टमय पदार्थांचे पचन

पिष्टमय पदार्थांचे पचन म्हणजे अन्नातील पिष्टाचे, अर्थात स्टार्चचे, विकरांच्या साहाय्याने ग्लुकोजमध्ये होणारे विघटन होय. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. तिचे अमायलोज (सरळ साखळी) आणि अमायलोपेक्टिन (फांद्या असलेली साखळी) असे दोन प्रकार आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. या एकाच पदार्थात पचनाचे निरनिराळे मार्ग दिसतात. कणकेत व हरभऱ्याच्या डाळीत पिष्ट असते. गुळातील सुक्रोजला मात्र अमायलेजची गरज पडत नाही.

कच्च्या पिष्टाचे कण घट्ट असल्याने विकरांना दाद देत नाहीत. पाण्यासह साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास ते फुगतात व पचनास सुलभ होतात. ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्यात मळतात. फुगलेल्या पिष्टामुळेच ते चिकट होऊन थापता येते.

== पचनाची प्रक्रिया ==
लाळेतील अमायलेज (जुने नाव टायलिन) पिष्टाचे तुकडे करू लागते. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास किंचित गोड लागतो, तो यामुळेच. जठरातील आम्लाने हे विकर निष्क्रिय होते, तरी घासाच्या आतल्या भागात त्याचे कार्य काही काळ चालू राहते. मुख्य पचन लहान आतड्यात होते. तेथे स्वादुपिंडातील अमायलेज पिष्टापासून माल्टोज व लहान साखळ्या बनवते आणि आतड्याच्या अस्तरावरील विकरे त्यांचे ग्लुकोज करतात. हे ग्लुकोज सोडियमसह पेशींत शोषले जाते व यकृताकडे जाते. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात.

== मधुमेह ==
भाकरी गोड नसते, म्हणून ती कितीही खाल्ली तरी चालते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातील पिष्टाचेही अखेर ग्लुकोजच होते. अकार्बोज हे औषध अस्तरावरील विकरांना रोखून हा वेग मंदावते. ते घेणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा फार उतरल्यास साखर किंवा गूळ त्वरेने उपयोगी पडत नाही, कारण सुक्रोजचे विघटनही रोखलेले असते. अशा वेळी ग्लुकोजच द्यावे लागते. घरातील मंडळींना हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

== इतिहास ==
आंसेल्म पायेन व झां-फ्रांस्वा पेर्सोझ यांनी १८३३ साली मोडवलेल्या सातूपासून पिष्ट विघटित करणारा 'डायस्टेज' हा पदार्थ वेगळा केला. वेगळे काढलेले हे पहिले विकर मानले जाते.