गिरणगाव

गिरणगाव हा मुंबईच्या मध्य भागातील, कापड गिरण्यांभोवती वसलेला ऐतिहासिक कामगार परिसर आहे. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, भायखळा, चिंचपोकळी, वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड (आता ना. म. जोशी मार्ग) हे भाग त्यात मोडतात. हे प्रशासकीय नाव नसून लोकांच्या बोलण्यातून रूढ झाले आहे.

कोकणाशी संबंध

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापड गिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे वाढलेल्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवण्यात तत्कालीन रत्‍नागिरी जिल्ह्याचा मोठा वाटा होता. चिपळूण, गुहागर, खेड या तालुक्यांतील तरुण दाभोळ बंदरातून आगबोटीने मुंबईला येत. एका गावाचे लोक मिळून चाळीत ‘गावाची खोली’ भाड्याने घेत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच खोलीत अनेकांची झोपायची सोय होई. जेवणाची व्यवस्था खानावळीत असे. कुटुंब आणि शेती गावीच राहत असल्याने शिमगा व गणपतीला गिरणगाव बरेचसे रिकामे होई.

वास्तुरचना

विणकाम विभागाच्या, म्हणजे साचेखात्याच्या, शेड एकमजली असत. त्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असून काचेची बाजू उत्तरेकडे ठेवलेली असे. त्यामुळे थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. सूतकताईच्या इमारती बहुमजली, जाड भिंतींच्या व बिडाच्या खांबांवर उभ्या होत्या. बॉयलरसाठी आवारात तळे असे. उंच चिमणी आणि पाळीची वेळ सांगणारा भोंगा ही परिसराची ओळख होती.

चाळींमध्ये एकेका खोलीची बिऱ्हाडे, समोर लांब सज्जा आणि सामाईक नळ व शौचालये असत. मुंबई विकास विभागाने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या 207 तीनमजली चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. त्यांतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची होती. वास्तुसौंदर्याच्या दृष्टीने त्या रुक्षच म्हणाव्या लागतील. त्यांचे महत्त्व सामाजिक आहे. सज्जा आणि पटांगण यांच्या आधाराने भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी आणि सार्वजनिक गणेशोत्सव वाढले.

संप आणि जमिनींचा प्रश्न

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीची मालक, महापालिकेची मोकळी मैदाने व म्हाडाची घरे अशी साधारण तीन भागांत विभागणी अपेक्षित होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती राहिली. बांधकामाखालील जमीन वगळली गेल्याने सार्वजनिक हिस्सा फारच घटला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

सद्यस्थिती

बहुतेक गिरण्या पाडून तेथे मॉल, कार्यालये व निवासी मनोरे उभे राहिले आहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात जपलेली आहे; ज्या खात्यांसाठी ती धूर सोडत असे, ती मात्र उरलेली नाहीत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. बीडीडी चाळींचा म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू असून पात्र रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे दिली जात आहेत. गिरणी कामगार व त्यांच्या वारसांच्या घरांसाठी म्हाडाने 2012 पासून सोडती काढल्या, तरी अर्जांच्या तुलनेत घरे थोडी आहेत. संपानंतर गावी परतलेल्या कामगारांचे वारसही अर्जदारांमध्ये आहेत.