पोक काढलेला आदिमानव: हाडं, प्रतिमा आणि अनुमान

आदिमानव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक आकृती येते. पाठीला पोक, गुडघे वाकलेले, मान पुढे काढलेली, हातात दांडकं. ही आकृती आली कुठून, याचा आज आपण माग काढू. या निमित्ताने आणखी एक प्रश्न विचारता येईल: हाड आपल्याला दिसतं, पण त्यावरून माणूस कसा होता हे आपण कसं ठरवतो?

३ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ या गावाजवळच्या एका छोट्या गुहेत बुइसोनी बंधूंना एका निअँडरथल माणसाचा सांगाडा सापडला. हे बंधू ख्रिस्ती धर्मगुरू होते. सांगाडा पुष्कळसा शाबूत होता, वय उतरलेलं, बरेचसे दात गेलेले. म्हणून त्याला ‘म्हातारा’ हेच नाव पडलं. हाडं अभ्यासासाठी पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मार्सेलँ बूल यांच्याकडे गेली. बूल यांचा सविस्तर ग्रंथ १९११ ते १९१३ या काळात आला. त्यांचा निष्कर्ष असा, की हा प्राणी पुरता ताठ उभा राहू शकत नव्हता, त्याचे गुडघे वाकलेले असत आणि आपल्या वंशावळीत त्याला जागा नाही. त्यांचं काम चालू असतानाच, १९०९ मध्ये, चित्रकार फ्रांतिशेक कुप्का यांनी एका फ्रेंच साप्ताहिकासाठी केसाळ, वानरासारखा निअँडरथल रंगवला. ग्रंथ वाचणारे मोजके, चित्र पाहणारे हजारो. समजूत पक्की झाली ती चित्रामुळे.

१९५७ साली विल्यम स्ट्रॉस आणि ए. जे. ई. केव्ह यांनी तीच हाडं पुन्हा तपासली. त्यांना मणक्यांत संधिवाताच्या ठळक खुणा दिसल्या. म्हणजे एका आजारी म्हाताऱ्यावरून सगळ्या जमातीचं चित्र काढलं गेलं होतं. हे उत्तर सर्वांना पटलं आणि पाठ्यपुस्तकांत गेलं. पण १९८५ मध्ये एरिक ट्रिंकाउस यांनी दाखवलं, की या संधिवाताने माणूस एवढा वाकणार नाही. तेव्हा तो वाक आजारातून कमी आणि पाहणाऱ्याच्या अपेक्षेतूनच जास्त आलेला असणार. हे आदिम आहे, तेव्हा ते वानरासारखंच असणार, हे आधी ठरलं आणि मणके त्या बेताने रचले गेले.

आता संगणकाकडे येऊ. सीटी स्कॅनच्या शोधासाठी १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. दवाखान्यातलं हे यंत्र पुढच्या काही वर्षांतच जीवाश्मांच्या अभ्यासात आलं. त्याचं काम ढोबळपणे असं: क्ष-किरणांनी वस्तूचे पातळ पातळ काप टिपायचे, ते एकावर एक रचायचे, की संगणकात त्या वस्तूची त्रिमितीय प्रत तयार होते. या प्रतीला छिन्नी लागत नाही, डिंक लागत नाही. डावी बाजू फुटली असेल तर उजवीची आरशातली प्रतिमा तिथे बसवता येते. जमलं नाही तर पुसून पुन्हा सुरुवात.

२०१९ मध्ये मार्टिन हॉइस्लर आणि सहकाऱ्यांनी याच म्हाताऱ्याची श्रोणी, म्हणजे कमरेचा हाडांचा सापळा, संगणकावर जुळवली. कण्याचा बाक श्रोणीच्या ठेवणीशी बांधलेला असतो. त्यावरून कमरेजवळचा बाक जवळजवळ आपल्यासारखाच होता, असं त्यांनी दाखवलं. खुब्याच्या सांध्यावरची आणि मणक्यांवरची झीजही त्याला जुळत होती. झालं, वाद मिटला असं वाटेल.

पण नाही मिटला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, इस्राएलमधल्या केबारा गुहेत १९८३ साली सापडलेल्या एका निअँडरथलचा छातीचा पिंजरा सीटी स्कॅनवरून उभा केला गेला होता. त्या अभ्यासकांना कणा आपल्यापेक्षा सरळ वाटला. तंत्र तेच, जमात तीच, दोन्हीकडचे लोक जाणकार, आणि उत्तरं वेगळी. असं का व्हावं?

कारण यंत्र घनता मोजतं, हाड मोजत नाही. हजारो वर्षं मातीत राहिलेल्या हाडात खनिजं शिरलेली असतात. हाड कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, ती रेघ कुणीतरी माणूस ठरवतो. आरशातली प्रतिमा लावताना दोन्ही बाजू सारख्या होत्या हे आपण गृहीत धरतो. हरवलेल्या कूर्चेची जाडी अंदाजाने धरतो. म्हणजे बूल यांच्या टेबलावर जे अनुमान होतं, ते पडद्यावरही आहेच.

मग फरक काय पडला? आपल्याला वाटतं, पडला आणि मोठा पडला. बूल यांनी मणके असेच का रचले, हे तपासायचं तर प्रत्यक्ष त्या हाडांपाशी जावं लागे. ग्रंथ पुरा झाल्यापासून स्ट्रॉस आणि केव्ह येईपर्यंत ४४ वर्षं गेली. आज स्कॅनच्या फाइली खुल्या ठेवल्या, तर दुसरा अभ्यासक आपल्या घरी बसून त्याच हाडांवर वेगळं गृहीतक लावून बघू शकतो. आपल्याकडच्या तर्कशास्त्राने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे, की धूर पाहून अग्नी म्हणायचा तर मधली व्याप्ती बोलून दाखवावी लागते. डिजिटल प्रतिमेचं मोल त्यातच आहे. तिच्यामुळे मधली पायरी लिहून ठेवता येते. ‘लिहून ठेवता येते’ असंच म्हणू या, कारण फाइली कपाटात कुलूपबंद ठेवल्या तर आपण परत १९१३ मध्येच.

एक सावधगिरी मात्र हवी. निअँडरथलला जनावर ठरवण्याचा मोह एकेकाळी होता. आज त्याला अगदी आपल्यासारखा ठरवण्याचा मोह आहे. दात गेलेला, खुबा दुखणारा म्हातारा जगला, म्हणजे कुणीतरी त्याची प्रेमाने काळजी घेतली असणार, असं आपलं मन लगेच म्हणतं. तसं असेलही. पण हाडावर झिजेची खूण असते, प्रेमाची नसते. ती पायरी आपण चढतो. चढावी, पण चढलो हे सांगून चढावी.

तेव्हा यापुढे वर्तमानपत्रात एखाद्या आदिमानवाचा संगणकाने घडवलेला चेहरा दिसला, तर एवढं विचारावं: यातलं किती सापडलं आणि किती भरलं? ज्या संशोधकाकडे याचं उत्तर तयार असेल, त्याचं चित्र भरवशाचं.